नात्यातली साक्ष

खिडकीमागचा तरुण सभ्य होता, हीच पंचाईत झाली. उर्मट असता तर तिबांगने त्याला तिथल्या तिथे झापलं असतं आणि मोकळी झाली असती. पण त्याने आधी तिच्यासाठी खुर्ची मागवली, काचेतल्या भोकाशी तोंड आणून तिच्या कानाला झेपेल अशा आवाजात बोलला, आणि मग म्हणाला, "आजी, तुमचा दुसरा साक्षीदार तुमच्या नात्यातला आहे. नात्यातल्याची साक्ष धरत नाहीत."

"माझ्या नात्यातलं कोणी उरलेलंच नाही," तिबांग म्हणाली.

"हे आहेत ना, एलिहियो बुलाओन. त्यांनी स्वतःच सांगितलंय. तुम्ही त्यांच्या कुमारे, ते तुमचे कुंपारे. तुमच्या थोरल्याला बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांनी हातात धरलं, त्याचे धर्मपिता झाले."

तो हे इतक्या घरगुती सुरात म्हणाला की क्षणभर तिबांगला वाटलं, आता हा थोरल्याची चौकशी करणार. मग तिच्या लक्षात आलं की पोरगा तिचा अर्ज परत करतोय. युद्ध संपून जग म्हातारं झाल्यावर अमेरिकेने ठरवलं होतं, की आपल्या झेंड्याखाली जपान्यांशी लढलेल्या इथल्या लोकांपैकी जे जिवंत असतील त्यांना एकरकमी काहीतरी द्यायचं. जिवंत उरलेले रोज कमी होतायत, तेव्हा ठरवणाऱ्यांना घाई करायचं कारण नव्हतं, असं एलिहियो म्हणायचा. तिबांगचं नाव जुन्या कागदांत नव्हतं. बायकांची नावं बहुतेक नव्हतीच. पण सोबत लढलेल्या दोघांनी शपथेवर सांगितलं, की ही आमच्या तुकडीत होती, तर विचार होणार होता. कॅलिफोर्नियाला लेकीकडे राहणाऱ्या पासिंगने तिकडून सांगितलं, ते चाललं. दुसरा एलिहियो. तिसरं कोणी जिवंत नव्हतं. आणि एलिहियोला शपथपत्र लिहिणाऱ्या वकिलाने विचारलं असणार, की तुमचं या बाईंशी काय नातं, आणि त्याने छाती फुगवून सांगितलं असणार. त्याच्या जागी ती असती तर तिनेही तेच सांगितलं असतं. असला प्रश्न आला की माणूस आधी आपलं नातं सांगतो, मग नाव.

पोरगा आणखी पुढे झुकला. "मलाही कुंपारे आहेत, आजी. मला कळतं. पण कागद वर ज्यांच्याकडे जातात त्यांना कसं कळणार? तुम्ही असं करा, त्यांच्याकडून दुसरं लिहून आणा. नातं काही नाही, एवढंच. रक्ताचं तर नाहीच ना?"

"रक्ताचं नाही," ती म्हणाली, आणि आपण हे का कबूल केलं म्हणून तिला स्वतःचाच राग आला.

बाहेर आल्यावर पहारेकऱ्याने तिची छत्री परत दिली. रस्त्यापलीकडे खाडीचा बांध होता. ती बांधावर बसली. पाण्याला डिझेलचा आणि कुजक्या शेवाळाचा वास येत होता, ऊन डोक्यावर होतं, आणि दोन बाया प्लॅस्टिकच्या पिशवीतून भात खात गप्पा मारत होत्या. नातं काही नाही. पोराचे शब्द डोक्यातून जाईनात. आपल्याला धक्का कशाचा बसलाय हे ती चाचपून पाहू लागली. अर्ज परत आल्याचा नव्हता. आयुष्यात तिचं पुष्कळ काही परत आलं होतं. धक्का याचा होता, की तो पोरगा म्हणाला तेव्हा ती मनातल्या मनात पटकन म्हणाली होती, सांगू या की. एवढंच ना, सांगू या. आणि मग तिला थोरल्याची, बेनिल्दोची, टाळू आठवली. बाप्तिस्म्याच्या दिवशी पाणी पडल्यावर त्याने एलिहियोच्या पांढऱ्या सदऱ्यावर लघवी केली होती. एलिहियो सगळा दिवस त्याच सदऱ्यात वावरला, बदलायला तयार होईना, पाहुण्यांना मुद्दाम डाग दाखवत होता. बेनिल्दो वर्षाचा व्हायच्या आत हगवणीने गेला. त्याची छोटी पेटी खांद्यावर घेऊन एलिहियो पुढे चालला होता, आणि मेलेसियो, तिचा नवरा, मागून नुसता टोपी चुरगळत येत होता. मूल गेलं, नातं राहिलं. असं नातं मुलाबरोबर जात नाही. तिच्या पुढच्या मुलाला दुसऱ्या कोणी धरलं, पण कुंपारे म्हटलं की तिच्यासाठी एलिहियोच.

घरी मालाबोनला पोचेपर्यंत भरतीचं पाणी गल्लीत शिरलं होतं. हे रोजचंच. सून नोर्मिता पायऱ्यांवर बसून वाटच बघत होती. नोर्मिता मनाने वाईट नव्हती, पण तिला घराची जमीन दोन हात उचलून घ्यायची होती, आणि सिमेंटवाल्याशी ती महिनाभर बोलत होती, जणू पैसे आलेच. नवरा बोटीवर, त्याचं येणं वर्षातून एकदा, तोवर पाण्याशी झगडा हिचाच. सगळं ऐकून ती म्हणाली, "एवढंच ना, आई? मग सांगा ना त्यांना. म्हाताऱ्याचं काय जातंय?" आणि पायातून सुटलेली चप्पल पाण्यातून वेचून पायरीवर ठेवली. तिबांग छत्री मिटून पायऱ्या चढली. उत्तर होतं, पण ते लांब होतं, आणि नोर्मिताला लांब उत्तरं ऐकायची सवय नव्हती. खरं तर पैसे नुसतेच आले असते, शिपाई न म्हणता, म्हातारी म्हणून, दया म्हणून, तरी तिबांगने ते घेतले असते आणि जमीन उचलली असती. घेतले असते आणि रागावून बसली असती. तिला पैशांचा तिटकारा नव्हता. पण तिला हवं होतं ते वेगळं होतं, आणि ते इतकं उशिरा हवंसं वाटायला लागलं होतं की त्याची तिला लाजच वाटायची. सगळ्या जन्मात एकदा, कोणीतरी परक्या माणसाने, ज्याला तिची माया नाही आणि गरजही नाही, त्याने म्हणावं की ही शिपाई होती.

कारण ती होती. सतराव्या वर्षी होती. पाओंबोंगच्या खाजणात, निपा या खाडीतल्या माडाच्या झावळ्यांच्या भिंतींमधून, जिथे नवखा माणूस होडी घेऊन शिरला तर भरती-ओहोटी त्याला तीन दिवस फिरवत ठेवते. जवळ्याचा खारवलेला लगदा मडक्यांत भरून ती पुलावरून गावात न्यायची, आणि मडक्याच्या तळाशी, सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यांत बांधलेली काडतुसं असायची. पुलावरच्या जपानी शिपायाने एकदा संगीन आत खुपसली होती. तिला आजही तो आवाज आठवतो, लगद्यात लोखंड शिरल्याचा, आणि तळाशी काहीतरी टणक लागल्याचा. त्याने तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, दगड ठेवलाय, मडकं कलंडू नये म्हणून, घ्या चाखून. तिने बोटाने काढून त्याच्या नाकाशी धरलं. तो मागे सरला, संगीन पुसत शिव्या देऊ लागला, आणि ती पूल ओलांडून गेली. पलीकडे गेल्यावर ती रस्त्यातच बसली आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना जवळा विकू लागली, उठता येईना म्हणून. ही गोष्ट तिने नवऱ्याला कधी सांगितली नाही. एलिहियोला सांगायची गरज नव्हती. त्याने ती लांबून झावळ्यांतून बघितली होती, बंदूक रोखून. तो तेव्हा लेफ्टनंट होता, तेवीस वर्षांचा, आणि त्याच्याकडे बूट नव्हते.

मग सांगितलं का नाही? युद्धानंतर लोक गावागावांत नावं लिहून घ्यायला आले, चर्चच्या अंगणात टेबल मांडून बसले, तेव्हा ती घरात चुलीपुढे का बसली? हा प्रश्न तिला त्या ऑफिसातल्या कोणीतरी आधीही विचारला होता, आणि ती म्हणाली होती, माहीत नव्हतं. माहीत होतं. चांगलं माहीत होतं. पण तिचं मेलेसियोशी ठरत होतं, आणि त्याची आई म्हणाली होती, खाजणात पुरुषांबरोबर राहिलेली पोरगी. एवढंच म्हणाली, पुढे काही नाही, पण त्या एवढ्यात सगळं आलं. आणि खरं काय, तर तसलं काही नव्हतंच. डास होते, भूक होती, खरूज होती. ही खरी गोष्ट होती आणि ती ऐकण्यात कोणालाच रस नव्हता. टेबलापुढे जाऊन उभं राहायचं म्हणजे सगळ्या गावासमोर सांगायचं, हो, मी तिथे राहिले. ती गेली नाही. लग्न झालं. आणि मग एलिहियो बदकांची जोडी घेऊन नव्या घरी भेटायला आला, लंगडत, मांडीतली गोळी निघाली होती पण पाय सरळ झाला नव्हता, आणि शेजारच्या खिडक्या उघडल्या. मेलेसियो संशयी नव्हता. तो फक्त लोकांना घाबरायचा. दुसऱ्यांदा एलिहियो येऊन गेल्यावर तो म्हणाला, मूल होईल तेव्हा याला कुंपारे करून टाकू. करून टाकू, असंच म्हणाला. मग कुमारे बहिणीसारखी. तिच्याकडे यायला भावाला कोण हरकत घेणार? सगळ्यांना बरं वाटलं. तिबांगलाही बरं वाटलं, त्यात काय खोटं. खिडक्या बंद झाल्या. पण त्या दिवसापासून एलिहियो तिच्या घरी येण्याचं कारण बेनिल्दो झाला, आणि आधीचं कारण, की ती त्याच्या तुकडीतली शिपाई होती, ते कोणी उच्चारायचं उरलं नाही. नात्याने तिला झाकलं. इतकं छान झाकलं की आता ती सापडत नव्हती. हे तिला खाटेवर पडल्या पडल्या, खालच्या पाण्याचा फळ्यांना लागणारा आवाज ऐकता ऐकता, एकदम स्वच्छ दिसलं, आणि ती उठून बसली.

सकाळी ती एकटीच निघाली. नोर्मिता सोबत येते म्हणाली, पण तिबांगने तिला घरी थांबून पाणी उपसायला सांगितलं. मोनुमेंतोला बस पकडली, मालोलोसला उतरून जीपनी धरली, माणसं कोंबून नेणारी लांबोडकी जीप, आणि पाओंबोंगचा रस्ता लागला तशी आंबूस हवा खिडकीतून आत आली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना शिरक्याच्या बाटल्यांच्या टपऱ्या, निपाचा रस आंबवून केलेला शिरका, व्हिनेगर, गावाचा तोच धंदा. एलिहियोचाही तोच. तिबांग प्रवासभर मनात बोलत होती. तिने वाक्यं जमवली होती: कुंपारे, एक काम आहे, छोटं आहे. नाही, छोटं म्हणायचं नाही. कुंपारे, ऑफिसवाल्यांनी खोड काढलीय. तेही नाही. मांडीवर पिशवी घट्ट धरून ती वाक्य लावत होती आणि मोडत होती, आणि शेजारची बाई तिच्याकडे बघून थोडी सरकून बसली.

एलिहियो अंगणात रांजणांच्या ओळीत बसला होता. एकेका रांजणाचं झाकण उचलून नाक आत घालायचं आणि पुन्हा ठेवायचं, हे त्याचं आताचं काम. डोळ्यांनी दिसायचं कमी झालं होतं, नाक शाबूत होतं. तिला बघून म्हणाला, "आलीस? की मी मेल्याची बातमी आली होती आणि खात्री करायला आलीस?"

"बातमी आली असती तर काळे कपडे घालून आले असते," तिबांग म्हणाली. त्याच्या लेकीने भात आणि तळलेला मासा पुढे ठेवला. जेवता जेवता तिने सगळं सांगितलं, बसमध्ये जमवलेलं एकही वाक्य न वापरता. साक्षीदार नात्यातला निघाला, हे ऐकून एलिहियो पोट धरून हसला. म्हणाला, मग कोणाची साक्ष हवी त्यांना, पुलावरच्या जपान्याची? त्याला शोधून आणू का? लेकही हसली. मग तिबांगने त्याला काय म्हणायचं आहे ते सांगितलं, आणि तो हसायचा थांबला. लेक आणखी भात आणायला आत गेली.

"म्हणजे मी हात वर करून सांगू, की तू माझी कोणी नाहीस."

"हो."

"शपथेवर."

"ते शपथेवरच लागतं, कुंपारे."

"आणि बेनिल्दो? त्याला कोणी धरला होता? फादरने हवेत धरला होता?"

बेनिल्दोचं नाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकून तिला किती वर्षं झाली असतील. घरात ते कोणी घेत नव्हतं. नोर्मिताला तर बहुधा माहीतही नसेल. तिने हातातला घास ताटात परत ठेवला. तो पांढरा सदरा तिच्या डोळ्यांपुढे आला, आणि त्याच्यामागून चिखलाची दुसरी आठवण आली, जी ती आणायला गेली नव्हती: ओहोटी लागलेली, होडी रुतलेली, एलिहियो होडीत आडवा, मांडीला तिचा फाडलेला परकर बांधलेला, आणि ती छातीभर चिखलात उतरून होडी पुढे रेटतेय. तो शुद्धीत नव्हता, बरळत होता, तिला हुकूम सोडत होता, आडोसा घे म्हणत होता. ती रडत होती आणि हो सर, हो सर म्हणत रेटत होती. त्या चिखलात ती त्याची बहीण नव्हती. कुमारे नव्हती. कोणाची आई व्हायची होती अजून. त्या चिखलात ती जी कोण होती, तीच आज इथे जेवायला बसली होती, आणि तिला उठायचं नव्हतं.

एलिहियो समजुतीने बोलू लागला. पैशांची अडचण असेल तर मागच्या बाजूचा तुकडा विकतो म्हणाला, तसाही त्यात खेकडे सोडून काही होत नाही. तिबांग म्हणाली, पैसे नकोत. मग म्हणाली, हवेत, खोटं कशाला बोलू, पण तुमचे नकोत. तो म्हणाला, मग मेल्यावर तिथे वर जाऊन सांगू, तिथे नातं बघत नाहीत. ती हसली नाही. मग तो गंभीर झाला. "मी आयुष्यात तीनदाच हात वर केला," तो म्हणाला. "एकदा सैन्यात, एकदा लग्नात, एकदा मागे तुझ्या साक्षीला. तिन्ही वेळा खरं तेच बोललो. आता या वयात चौथ्यांदा करू तो खोटं सांगायला? आणि कशासाठी, तर त्या लोकांनी तुला ओळखावं म्हणून? मी ओळखतो, ते पुरत नाही?"

"नाही पुरत," तिबांग म्हणाली.

हे वाक्य तिने आधी कधी मनातही म्हटलं नव्हतं. म्हटल्यावर ते तिला उलट्या काळजाचं वाटलं, आणि खरंही वाटलं. एलिहियोने तोंड फिरवलं. त्याच्या मानेवरची कातडी हलत होती. लागलं होतं त्याला. तिला ते दिसत होतं आणि तरी ती थांबली नाही. थांबली असती तर पुन्हा कधी सुरुवात करता आली नसती.

"ऐका. बेनिल्दोला मी पोटात वागवला, पाजला, आणि पुरला. त्याला साक्षीदार लागत नाही. उद्या तुम्ही म्हणालात, मी म्हणाले, सगळं गाव म्हणालं की असं मूल नव्हतंच, तरी तो होता. माझ्या अंगाला माहीत आहे. पण दुसऱ्या गोष्टीला माझ्याकडे काय आहे? गोळी तुम्हाला लागली. माझी बंदूक युद्ध संपल्यावर परत घेतली. पासिंग मडक्यांचं सांगते, पण ती पुलावर नव्हती. चिखलात नव्हती. तिथे तुम्ही होतात, आणि तुम्ही एकटे उरलात. तुम्ही गेलात की मी कधीच शिपाई नव्हते, कुंपारे. मी नुसती जवळा विकणारी पोरगी होते."

एलिहियोने एका रांजणाचं झाकण उचललं, वास न घेताच ठेवलं. कोंबडी ताटाकडे आली, तिला त्याने काठीने हाकललं. मग म्हणाला, "ठीक आहे. पण खोटं मी बोलणार नाही. जे शपथेवर सांगायचं ते आधी खरं करीन, मग सांगेन. आजपासून तू माझी कुमारे नाहीस. मी मेलो की नऊ दिवसांच्या प्रार्थनेत घरच्या बायकांत बसायचं नाही. बेनिल्दोच्या थडग्यावर मी मेणबत्ती लावतो, ती यंदापासून नाही लावणार. लोक विचारतील, भांडलात का, तर सांगायचं, नाही, आमचं नातंच नाही. कबूल असेल तर ऊठ. विचार करायला वेळ दिलास तर मी फिरेन."

तिबांगला वाटलं होतं तो नाही म्हणेल, किंवा कुरकुरत हो म्हणेल आणि घरी येऊन दोघं त्यावर हसतील. हे तिने धरलं नव्हतं. तो थट्टा करत नव्हता. थट्टा करताना त्याचा डावा डोळा बारीक व्हायचा. तिने अंगणाकडे बघितलं, रांजणांकडे, त्याच्या वाळलेल्या पायाकडे. नवरा गेल्यानंतर तिला नावाने, नात्याने हाक मारणारं माणूस हेच होतं. सून आई म्हणायची, गल्ली आजी म्हणायची. कुमारे म्हणणारा एकच. तो गेल्यावर ती हाक जाणारच होती, एकदोन वर्षांत, पण ती त्याने मरून न्यावी आणि तिने स्वतः टाकून द्यावी, यात फरक होता. थडग्यावरची मेणबत्ती तर तिला माहीतच नव्हती. तो दर वर्षी मृतांच्या दिवशी एवढ्या लांब मालाबोनला येऊन, तिला न सांगता लावून जात होता. हे कळण्याचा आणि ते संपण्याचा दिवस एकच निघाला. तरी अगदी तळाशी, टणक, तिचं मन जागच्या जागी होतं. मेणबत्ती मी लावीन, तिने ठरवलं. दोन लावीन.

"कबूल," ती म्हणाली आणि उठली.

वकील चर्चच्या समोर, फोटोकॉपीच्या दुकानात अर्ध्या टेबलावर बसायचा. एलिहियोने टोपी काढून हातात घेतली. वकिलाने नाव, वय, पत्ता विचारला, एका बोटाने टंकलं, आणि मग अर्जावरचं तिबांगचं पूर्ण नाव वाचत, वर न बघताच विचारलं, "प्रिमितिवा मानालायसाय यांच्याशी आपलं नातं?"

"काही नाही."

"सोयरीक? लग्नसंबंध? धर्मपिता वगैरे?"

"काही नाही म्हटलं ना."

"मग ओळखता कसे?"

"माझ्या हाताखाली शिपाई होती," एलिहियो म्हणाला. "खाजणातल्या तुकडीत. पुलावरून काडतुसं न्यायची. मला गोळी लागली तेव्हा मला हिने बाहेर काढलं. माझ्या बाकीच्यांपैकी दोघे पळाले होते. ही पळाली नाही. लिहा."

वकिलाने लिहिलं. फोटोकॉपीचं यंत्र खडखडत होतं, कोणीतरी शाळेची पुस्तकं छापून घेत होतं. तिबांग भिंतीला लागून उभी होती. साठाहून जास्त वर्षं हे कोणी उच्चारलं नव्हतं, आणि आता ते एका अनोळखी माणसासमोर, एवढ्या कोरडेपणाने, एलिहियोच्या तोंडून आलं तेव्हा तिला आनंद झाला. साधा, पोटातून आलेला आनंद. तो टिकतोय तोवरच वकिलाने तिच्याकडे मान वळवली. अर्जदाराचंही लागतं म्हणाला. बाई, आपण सांगा, या गृहस्थांशी आपलं नातं काय?

आपल्यालाही विचारतील, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिने एलिहियोला तयार केलं होतं, स्वतःला नाही. तो टोपी फिरवत जमिनीकडे बघत होता, तिला मदत करणार नव्हता. त्याने सदऱ्यावरचा डाग सगळ्यांना दाखवला होता. त्याने पेटी उचलली होती. तिने उजवा हात वर केला. खांदा दुखत होता, तरी पूर्ण वर केला.

"नातं नाही," तिबांग म्हणाली. "हे माझे लेफ्टनंट."

सह्या झाल्या. शिक्के बसले. रस्त्यावर आले तेव्हा ऊन उतरलं होतं. एलिहियोची टपरी जीपनीच्या थांब्यालाच होती, लेक तिथे बसली होती. तो आत गेला, हाताने चाचपून एक बाटली निवडली, बूच हुंगून पाहिलं, फडक्याने पुसली आणि तिबांगच्या हातात दिली. जुना शिरका होता, सोनेरी, तो सहसा विकायला काढत नाही. तिने ती पिशवीत ठेवली.

"पन्नास पेसो," तो म्हणाला.

लेक चपापून बघू लागली. बाबा, काय हे, असं काहीसं पुटपुटली. या अंगणातून, या टपरीवरून तिबांगने आजवर किती बाटल्या नेल्या असतील, आणि एकीचाही पैसा त्याने घेतला नव्हता. कुमारेकडून कोण घेतो? एलिहियोने लेकीकडे लक्ष दिलं नाही. त्याचा पंजा पुढे पसरलेला होता, आणि त्याचे दोन्ही डोळे सारखेच उघडे होते.

तिबांगने पर्स उघडली. शंभराची नोट त्याच्या हातावर ठेवली. त्याने ती बोटांनी चाचपली, डब्यातून सुटे काढले, आणि पन्नास तिला परत दिले, गिऱ्हाइकाला देतात तसे. तिला रडू येत होतं. ते तिने येऊ दिलं, पण मान खाली घातली नाही. जीपनी आली. चढायला त्याने हात दिला नाही, तिनेही मागितला नाही. दांडा धरून, पिशवीतली बाटली सांभाळत ती आपली आपण चढली आणि ड्रायव्हरमागच्या जागेवर जाऊन बसली.